चौकोनी धुराडं

तिसऱ्या दिवशी दुपारी चिखलातून पाण्याची टाकी निघाली, तेव्हा फिटरनं हातातलं फावडं असं आपटलं की पोकलेनवाल्यानं घाबरून यंत्रच बंद केलं.

टाकी! पहिल्या दिवशी वीटभट्टीची ढकलगाडी निघाली होती, दुसऱ्या दिवशी त्या गाडीचे रूळ, आणि आज ही. ऐंशी वर्षांपूर्वीच्या लढाईतलं विमान शोधायला निघालेल्या माणसाला भंगारवाल्याचं अख्खं दुकान सापडत होतं, विमान तेवढं सापडत नव्हतं.

"दाजी, टाकी चांगली आहे हं," मेव्हणा म्हणाला. "फार गंजलेली नाही. घासूनपुसून घेतली तर तुमच्या गच्चीवर..."

"तू गप्प बस."

फिटर पंपांच्या कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होता. निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडं खेळवतात, हा जमिनीत गाडली गेलेली विमानं उकरत सुटला. आतापर्यंत नऊ काढली होती. घरातला नळ मात्र दोन वर्षं गळत होता, आणि त्याची बायको येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आधी तो नळ दाखवायची आणि मग पाणी द्यायची.

पथक तिघांचं. मेव्हणा जमिनीखालचा धातू हुडकणारं यंत्र फिरवायचा. ते यंत्र त्याच्या मालकीचं होतं, म्हणूनच तो पथकात टिकून होता. तिसरा डॉक्टर, म्हणजे गुरांचा निवृत्त डॉक्टर. मातीतून निघालेलं हाड जनावराचं की माणसाचं, हे तो एका नजरेत सांगायचा. बाकी दिवसभरात त्याच्या तोंडून दहा शब्द निघाले तर खूप.

आणि पथकाचे नियम दोन. पहिला असा, की विमानाचा नंबर सापडला की तो तिघांनी वेगवेगळा वाचायचा, आपापल्या चिठ्ठीवर लिहायचा, आणि तिन्ही चिठ्ठ्या जुळल्याशिवाय नातेवाइकांसमोर तोंड उघडायचं नाही. दुसरा नियम म्हणजे नातेवाइकांशी गोड बोलायचं नाही. पूर्वी पथकात चौथा एक जण होता. त्यानं एका वैमानिकाच्या म्हाताऱ्या मुलाला सांगितलं, "तुमच्या वडिलांना काही कळलंसुद्धा नसेल हो." फिटरनं त्याला त्याच संध्याकाळी घरी पाठवलं. "तू होतास तिथं? नव्हतास ना? मग कशाच्या जोरावर सांगतोस?" जे मातीत आहे तेवढंच सांगायचं, असा फिटरचा खाक्या होता.

"नाही," मागून आवाज आला. "तिथं नाहीच आहे ते."

फिटरनं डोळे मिटून घेतले. मावशी बोलली होती.

मावशीचं वय शहाऐंशी. दोन महिन्यांपूर्वी वाचनालयात फिटरचं भाषण झालं, तेव्हा ही पहिल्या रांगेत बसली होती. भाषण संपल्यावर काठी टेकत आली आणि म्हणाली, "माझा दादा वैमानिक होता. विमान घेऊन शत्रूकडे पळाला असं सरकारी कागदावर लिहिलंय. तो पळाला नाही. तो आमच्या घरामागं पडला. मी पाहिलंय." भट्टीमागच्या पाणथळ जमिनीत भर घालून आता गोदाम होणार होतं. सोमवारी सकाळी सात वाजता काँक्रीट पडणार. एकदा ते पडलं की मावशीचा दादा कायमचा पळपुटा ठरणार होता. मुकादमाच्या हातापाया पडून फिटरनं चार दिवस मागून घेतले. त्यातले तीन संपले होते.

बरं, मावशीनं गप्प बसावं की नाही? रोज सकाळी घडीची खुर्ची घेऊन हजर. ऊन लागतंय, सावलीत बसता का? नाही. चहा घेता? नाही. घरी जाऊन पडा जरा, काही सापडलं की बोलावतो. नाही. प्रत्येक वाक्याची सुरुवात 'नाही'नं. मेव्हण्यानं तिचं नावच 'नाही-मावशी' ठेवलं होतं. पहिल्या दिवशी तिनं खुर्ची नेमकी अशा जागी मांडली की खणलेली माती टाकायला तीच एक जागा होती. फिटर म्हणाला, "मावशी, जरा उठा, इथं ढीग येणार आहे." "नाही," ती म्हणाली. शेवटी मेव्हण्यानं आणि डॉक्टरनं खुर्ची अलगद दुसरीकडे नेऊन ठेवली, आणि ती मागून काठी आपटत गेली. तिथंही बसून तोंडातल्या तोंडात आकडे पुटपुटणं चालूच. आणि दर तासाला एक प्रश्न ठरलेला : "पंखा सापडला का?"

"मावशी, विमानच नाही तर पंखा कुठला!" फिटर दर तासाला सांगायचा.

आज टाकी निघाल्यावर त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तिथं नाही, तर मग कुठं आहे?" तो ओरडला. "तुम्ही सहा वर्षांच्या होतात मावशी! सहा वर्षांच्या पोरीचं ऐकून आम्ही तीन दिवस चिखलात लोळतोय. आणि तेव्हा तरी तुम्ही काय सांगितलं होतंत? शिपाई विचारायला आले, तेव्हा 'मी काही पाहिलं नाही' म्हणालात. कागदावर आहे तसं. वाचलंय मी!"

पोकलेन बंदच होतं, त्यामुळे शब्द न् शब्द सगळ्यांना ऐकू गेला. मावशीनं 'नाही' म्हटलं नाही. ती उठली, खुर्चीची घडी घातली आणि काखेत मारून निघून गेली. डॉक्टर फिटरकडे बघत राहिला.

"काय?" फिटर म्हणाला.

"काही नाही," डॉक्टर म्हणाला, आणि टाकीवरचा चिखल पुसायला लागला.

तासाभरानं मेव्हण्यानं चष्म्याचं घर आणून फिटरच्या हातात दिलं. "मावशींचं. खुर्चीखाली पडलं होतं. तुम्हीच नेऊन द्या दाजी. मी गेलो तर त्या मला आत घेतील आणि तुम्हाला जन्मभर घेणार नाहीत." मेव्हणा कधी नव्हे ते शहाण्यासारखं बोलला, याचाही फिटरला रागच आला. पण गेला.

मावशीचं घर भट्टीच्या अलीकडे, रस्त्याला लागून होतं. दार उघडंच होतं. ती स्वयंपाकघरात ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. या खोलीत फिटर मंगळवारी येऊन गेला होता. याच मागच्या खिडकीत उभं राहून मावशीनं विमान पडताना पाहिलं होतं. विमान भट्टीच्या धुराड्याच्या बरोब्बर मागं गेलं आणि वर आलं नाही, असं तिचं सांगणं होतं. फिटरनं खिडकीपासून धुराड्यापर्यंत नकाशावर दोरा ताणला, तो पुढं पाणथळीत नेला, आणि कुठं खणायचं ते ठरवलं. अशा साक्षी त्यानं आयुष्यात शेकड्यानं घेतल्या होत्या. लोकांना अंतर आठवत नाही, दिशा मात्र पक्की आठवते, असा त्याचा अनुभव होता.

"मावशी, चुकलं माझं," तो म्हणाला. हे वाक्य म्हणायची त्याला सवय नव्हती. ते भलतंच घाईनं बाहेर पडलं. "चष्म्याचं घर राहिलं होतं तुमचं."

"ठेव तिथं."

ठेवायला तो फडताळाकडे वळला. फडताळात डब्यांच्या मागं एक फोटो टेकवून ठेवला होता. वैमानिकाच्या कपड्यातला हसरा तरुण, त्याच्या खांद्यावर दोन वेण्यांची मुलगी, आणि मागं भट्टीचं धुराडं. फिटरनं तो फोटो हातात घेतला. मग खिडकीबाहेर पाहिलं. मग पुन्हा फोटोकडे.

"हे धुराडं चौकोनी आहे," तो म्हणाला.

"हो."

"बाहेरचं गोल आहे."

"मग मंगळवारपासून मी काय सांगत होते?" मावशी गर्रकन वळली. "इथंच उभं राहून म्हणाले ना, नाही, ते हे नाही? तर तू काय म्हणालास? 'मावशी, धुराडं काय चालत जातं का?' आणि तो तुझा मेव्हणा फिदीफिदी हसला! पुरात पडलं ते जुनं. नवीन बांधलं ते उजवीकडे बांधलं. जुनं होतं तिथं आता मुकादमाची पत्र्याची केबिन आहे."

फिटर खिडकीपाशी गेला. गुडघे वाकवून सहा वर्षांच्या मुलीएवढा झाला. खिडकीतून केबिनवर नजर नेली, आणि तशीच पुढं पाणथळीत. नजर जिथं पोचली, तिथं मातीचा भला मोठा ढीग होता. तीन दिवस चिखल उपसून त्यानं स्वतःच्या हुकमानं रचलेला. पहिल्या दिवशी मावशीनं जिथं खुर्ची मांडली होती, बरोब्बर त्याच जागेवर.

त्यानं कपाळावर हात मारून घेतला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण त्यानं आयुष्यात दुसऱ्यांना हजारदा ऐकवली असेल. "अहो, मग तेव्हाच ओरडून का नाही सांगितलंत? खुर्ची हलवली तेव्हा?"

"सांगितलं की. नाही म्हणाले."

"तुम्ही चहालाही नाहीच म्हणता!"

"मला चहा नको असतो," मावशी म्हणाली.

फिटर दारातल्या स्टुलावर बसला. मावशीही मग भिंतीला टेकली, आणि स्वतःहून बोलायला लागली.

"ते शिपायांचं खरंय," ती म्हणाली. "मी खोटं बोलले. दादानं सांगितलं होतं, मी एक दिवस घरावरून विमान नेईन. घरावरून न्यायची परवानगी नव्हती त्यांना. कुणाला बोलू नकोस, आईलासुद्धा नाही, नाहीतर मला शिक्षा होईल, म्हणाला. खूण ठरली होती आमची. तो पंख हलवणार, मी खिडकीतून पांढरा अभ्रा हलवणार. त्यानं मला नंबरपण पाठ करायला लावला होता, भलत्याच विमानाला अभ्रा हलवशील म्हणून. चार सात एक शून्य नऊ."

म्हणजे ते आकडे पुटपुटणं हे होतं तर.

"आला तो दिवस, तेव्हा नेमका अभ्रा धुवायला पडलेला. मी बादली उपडी घालून चढले आणि नुसता हात केला. तो गेला आणि पुन्हा वळून आला. त्या वळणात धुराड्यामागं गेला, तो वर आलाच नाही. संध्याकाळी शिपाई आले. मला वाटलं, खरं सांगितलं तर दादाला शिक्षा होईल. म्हणून म्हटलं, मी काही पाहिलं नाही." तिनं ओट्यावरचं फडकं उचललं, पुन्हा ठेवलं. "मग त्यांनी इकडे शोधलंच नाही. दारावर लोकांनी डांबरानं लिहिलं, पळपुटा. आई घासत बसायची. दाराचा रंग गेला, पण अक्षरं गेली नाहीत. चार वर्षांनी मी खरं सांगितलं, तर वडील म्हणाले, आता भावाला वाचवायला गोष्टी रचतेस."

"उद्या काढू त्याला," फिटर म्हणाला.

"तू भाषणात सांगितलंस ना, पंख्यावरून कळतं म्हणून? इंजिन चालू होतं की बंद पडलं होतं?"

"कळतं. बंद पडलेलं असेल तर पाती सरळ राहतात, फार तर एखादं मोडतं. चालू असेल तर सगळी पिळवटून निघतात."

"मला तेवढंच हवंय," मावशी म्हणाली. "कागदाचं कागदवाले बघतील. इंजिन बंद पडलं असेल तर बंद पडलं. चालू असेल तर तो माझ्यापायी मेला. ऐंशी वर्षं मला हे कळत नाहीये. आणि हे बघ, मला गोड बोललेलं चालणार नाही."

"मी बोलत नाही," फिटर म्हणाला. भाषणात हे वाक्य तो नेहमी छाती काढून म्हणायचा. इथं ते त्यानं खाली बघून म्हटलं.

शनिवारी उजाडताच त्यांनी आपणच घातलेला ढीग आपणच उपसायला घेतला. मुकादम केबिनच्या दारात उभा राहून घड्याळ बघत होता. "तीन दिवस माती इकडून तिकडे, आता तिकडून इकडे," तो म्हणाला. "तुमचं शोधकाम आहे की व्यायाम?" फिटरनं फावडं उचललं. मावशी खुर्ची घेऊन आली होती. आज तिनं ती मुकाट्यानं कडेला मांडली.

दहाच्या सुमाराला काळी माती संपून खाली निळसर चिकणमाती लागली, आणि तिच्यातून तेलाचा वास आला. ऐंशी वर्षं जुना, पण कालच कुणी सांडल्यासारखा. मेव्हण्याचं यंत्र किंचाळायला लागलं. फिटरनं पोकलेन थांबवलं आणि खुरपं घेऊन खाली उतरला.

विमान तिरकं, एका पंखावर पडलं होतं. नाकाचा भाग तुटून बाजूला पडला होता, त्यामुळे सगळ्यात आधी पंखाच हाताला लागला. एक पातं, मग दुसरं, मग तिसरं. फिटरनं तळव्यानं चिखल पुसला. तिन्ही पाती टोकांना वळून आत गुंडाळली गेली होती.

त्यानं वर पाहिलं. खड्ड्याच्या कडेमुळे मावशीला आतलं काही दिसत नव्हतं. त्यानं मेव्हण्याकडून ताडपत्री मागून घेतली आणि पंख्यावर टाकली. पथकाच्या इतिहासात असं पहिल्यांदाच झालं होतं. मेव्हण्यानं एकदा ताडपत्रीकडे पाहिलं, एकदा दाजींकडे, आणि यंत्र घेऊन दुसऱ्या बाजूला गेला.

"पंखा सापडला का?" वरून आवाज आला.

"थांबा जरा मावशी."

ती दर तासाला विचारत राहिली, आणि तो थांबा म्हणत राहिला. स्वतःचाच त्याला असा संताप येत होता की बोलायची सोय नव्हती. चौथ्या गड्याला हाकलताना किती तोऱ्यात बोलला होता! गोड बोलणं सोपं असतं असं त्याला तेव्हा वाटायचं. आता कळत होतं की ते सोपं नसतं, फक्त खरं बोलण्यापेक्षा जरा कमी अवघड असतं. सरळ पाती आहेत म्हणावं आणि मोकळं व्हावं. कोण तपासणार होतं?

दुपारी दोनला वैमानिकाच्या बसायच्या जागेजवळची नंबराची पट्टी निघाली. फिटरनं नंबर वाचला, लिहिला, वर चढून आला. मग मेव्हणा उतरला, मग डॉक्टर. डॉक्टर खालीच रेंगाळला. थोड्या वेळानं त्यानं हात वर केला, पंजा उघडा ठेवून. पथकात या खुणेचा अर्थ एकच होता. पोकलेनवाल्यानं यंत्र बंद केलं.

"बूट आहे," डॉक्टर म्हणाला. "रिकामा नाही."

आता इथं सरकारी माणसं आल्याशिवाय कुणी हात लावायचा नव्हता. मुकादमानं घड्याळाचा हात खाली घेतला आणि डोक्यावरचं हेल्मेट काढलं. मेव्हण्यानं तिन्ही चिठ्ठ्या फिटरच्या हातात ठेवल्या. फिटर त्या उघडायला लागला, तोच मावशी खुर्चीतून म्हणाली, "चार सात एक शून्य नऊ."

तिन्ही चिठ्ठ्यांवर तेच होतं.

"तो पळाला नाही मावशी," फिटर म्हणाला. "आता कागद बदलावा लागेल त्यांना."

मावशीनं मान हलवली. मग ती उठून खड्ड्याच्या कडेशी आली आणि काठीनं ताडपत्री दाखवली. "ते काय झाकलंयस?"

फिटरनं डॉक्टरकडे पाहिलं. डॉक्टर आपल्या बुटांकडे बघत होता. मेव्हणा आभाळाकडे.

फिटर खाली उतरला आणि त्यानं ताडपत्री काढली.

"इंजिन चालू होतं," तो म्हणाला. "पुऱ्या जोरात. बिघाड नव्हता."

"म्हणजे माझ्यासाठी वळला."

"वळला. खाली होता, वळताना उंची पुरली नाही. माझ्यापायी मेला म्हणालात, ते मात्र या पात्यांवर लिहिलेलं नाही. वळायचं त्यानं ठरवलं. तुम्ही बादलीवर उभ्या होतात."

मेव्हण्यानं तिचा कोपर धरायला हात पुढं केला, तो तिनं झिडकारला. मग तिनं काठी उचलली आणि खड्ड्यातल्या त्या बावीस वर्षांच्या मुलावर रोखली.

"अरे गाढवा!" ती ओरडली. एवढा आवाज त्या देहातून निघेल असं कुणाला वाटलं नसतं. "एकदा आला होतास ना? पंख हलवले होतेस ना? मग जायचं की नाही सरळ? पुन्हा कशाला वळलास? आईनं दार घासून घासून हाताची सालटी काढली रे! अभ्रा नव्हता सापडला. पण हात केला होता ना मी? हात केला होता ना दादा! तेवढ्यानं भागलं नाही का तुझं?"

तिला धाप लागली होती. फिटर वर आला. कडेला मांडलेली खुर्ची त्यानं उचलली आणि खड्ड्याच्या अगदी काठाशी, पहिल्या दिवशी तिनं जिथं मांडली होती तिथून हातभर अंतरावर, जमीन चाचपून नीट मांडली.

"मावशी, बसा."

"नाही," मावशी म्हणाली, आणि बसली.